पाठीशी निजलेला मृत्यू

10 ऑक्टोबर 1856. पॅरिसमध्ये एका चित्रकाराची अंत्ययात्रा निघाली होती. तेओदोर शासेरियो दोन दिवसांपूर्वी गेला, तेव्हा त्याचं वय होतं 37 वर्षं आणि 18 दिवस. यात्रेला आलेल्यांत युजेन देलाक्रवा होता, फ्रान्सचा त्या काळचा थोर चित्रकार, वय 58. त्या दिवशीची त्याच्या रोजनिशीतली नोंद अगदी थोडक्यात आहे. बिचाऱ्या शासेरियोची अंत्ययात्रा, तिथे कोण कोण भेटलं त्यांची नावं, आणि त्यांत ‘तरुण चित्रकार मोरो’, जो देलाक्रवाला बरा वाटला.

हा ग्युस्ताव्ह मोरो तेव्हा 30 वर्षांचा होता. नाव झालेलं नव्हतं. कला-शिक्षणसंस्थेच्या रोम पारितोषिकासाठी दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा हात हलवत परतलेला, आणि 1849 मध्ये त्या संस्थेला रामराम ठोकलेला. त्यानंतर त्याने पॅरिसच्या पिगाल भागाजवळ, अव्हेन्यू फ्रोशो या गल्लीत चित्रशाळा घेतली, कारण शासेरियोची चित्रशाळा तिथेच होती. वयात साडेसहा वर्षांचं अंतर. एक प्रस्थापित, दुसरा त्याच्याकडे बघून शिकणारा. गुरू म्हणावं तर मित्र, मित्र म्हणावं तर थोरला भाऊ, असं ते नातं होतं.

मित्र गेल्यावर मोरोने त्याच्यासाठी एक चित्र करायला घेतलं. ते लोकांसमोर यायला नऊ वर्षं लागली. ‘तरुण आणि मृत्यू’ हे त्याचं नाव. आज ते अमेरिकेत केंब्रिजला, हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाच्या संग्रहात आहे. या लेखात मी फक्त या एका चित्राचा माग काढणार आहे. माणूस गेला, चित्र करायचं ठरलं, आणि ते नऊ वर्षं रेंगाळलं, तर त्या नऊ वर्षांनी चित्राचं काय केलं? माझं मत आधीच सांगते. ते 1857 मध्ये पूर्ण झालं असतं, तर शोकाचं एक बरं चित्र झालं असतं आणि आपण ते विसरून गेलो असतो. ते आज डोळ्यांपुढून हलत नाही, याचं श्रेय त्या उशिराला आहे.

चित्रात काय आहे

उभा, अरुंद कॅनव्हास. उंची 216 सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी 123. म्हणजे सात फुटांहून किंचित उंच दरवाजाच समजा. त्या दरवाजातून एक तरुण आपल्याकडे येतोय. अंगावर कमरेभोवतीच्या वस्त्राखेरीज काही नाही. एक हात वर उचललेला, त्या हातात लॉरेलच्या पानांचा मुकुट, आणि तो मुकुट तो स्वतःच्याच डोक्यावर ठेवतोय. दुसऱ्या हातात फुलं आहेत, नार्सिससची. आपण ज्याला नर्गिस म्हणतो, त्याच कुळातली.

त्याच्या मागे, जवळजवळ त्याला चिकटून, एक तरुण स्त्री आहे. तिचे पाय जमिनीला लागलेले नाहीत, ती तरंगतेय. तिच्याजवळ वाळूचं घड्याळ आहे आणि तलवार आहे. हाच मृत्यू. आणि ती झोपेत आहे.

खाली पायांशी एक पंखवालं लहान मूल बसलंय, त्याच्याजवळची मशाल विझत चाललीय. आणि एक ओळ रंगवलेली आहे, थडग्यावरच्या लेखासारखी: ‘तेओदोर शासेरियोच्या स्मृतीस’.

ती ओळ झाकली तर चित्र कुणाचंही होतं. तारुण्य आणि मरण, एवढाच सनातन विषय उरतो. ओळ वाचली की त्या उघड्या अंगाच्या तरुणाला एकदम नाव मिळतं, पण चेहरा मात्र मिळत नाही. शासेरियो कसा दिसायचा ते आपल्याला माहीत आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी, 1835 मध्ये, त्याने स्वतःचं चित्र काढलं होतं, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लांब कोट घातलेला, सडपातळ, वयाच्या मानाने फार गंभीर मुलगा. मोरोच्या चित्रातला तरुण ग्रीक पुतळ्याच्या घडणीचा आहे. मोरो मित्राच्या चेहऱ्याचा एकेक कोपरा ओळखत असणार. तरी त्याने तो तसाच्या तसा वापरला नाही. हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते यातच पुढचं सगळं आलं.

कोण गेलं होतं

शासेरियोचा जन्म 20 सप्टेंबर 1819 चा, कॅरिबियन बेटांवरचा. आजच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सामाना भागात. वडील फ्रेंच, आई त्या बेटावरच्या जमीनदार घराण्यातली. मूल अगदी लहान असताना कुटुंब पॅरिसला आलं. अकरा-बारा वर्षांचा असतानाच तो अँग्रच्या चित्रशाळेत दाखल झाला. अँग्र म्हणजे रेषेचा राजा, शिस्तीचा कडक. पोराचा हात बघून तो म्हणाला होता, हा चित्रकलेचा नेपोलियन होणार. निदान तशी आख्यायिका आहे.

पुढे 1840 मध्ये रोममध्ये दोघांचं फाटलं. शासेरियोने भावाला लिहिलं की गुरुजींचा काळ सरला आहे, आपल्या पिढीच्या कल्पना त्यांना कळत नाहीत. विशीतल्या मुलाने लिहावं तसंच ते होतं, आणि खरंही होतं. त्यानंतर तो देलाक्रवाच्या रंगांकडे सरकला. 1846 मध्ये अल्जीरियाला जाऊन आला. अँग्रची रेषा आणि देलाक्रवाचा रंग एकाच माणसाच्या हातात नांदवायचा प्रयत्न त्याने आयुष्यभर केला. त्या काळात पॅरिसमध्ये हे दोन तट होते आणि चित्रकाराने कुठला तरी एक निवडावा अशी अपेक्षा असे. शासेरियोने निवडला नाही, आणि मोरो त्याच्याकडे ओढला गेला तो यामुळेच.

त्याचं सगळ्यात मोठं काम भिंतींवर होतं. सीन नदीच्या काठी ओर्से राजवाड्यात सरकारी हिशेब तपासणीचं कार्यालय होतं. तिथला मोठा जिना त्याने 1844 ते 1848 या काळात रंगवला. शांती, युद्ध, मौन, ध्यान अशा मोठमोठ्या आकृती, सुमारे 270 चौरस मीटर भिंतींवर. या जिन्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

नऊ वर्षं

मित्र गेल्यावर मोरो कोसळला. कामातून मन उडालं. ऑक्टोबर 1857 मध्ये, म्हणजे बरोबर वर्षाने, तो इटलीला निघाला आणि सप्टेंबर 1859 मध्ये परतला. रोम, फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस, नेपल्स. दोन वर्षं तो जवळजवळ फक्त नकला करत होता. जुन्या उस्तादांची चित्रं समोर ठेवून, रेषेला रेष लावून. तिशी ओलांडलेला माणूस शाळकरी मुलासारखा पाटी गिरवायला बसला होता. पुढे नावाजलेला चित्रकार एद्गार देगा, तेव्हा तरुण, त्याला तिथेच भेटला, दोघांची दोस्ती झाली.

या नकलांतून त्याला एक गोष्ट सापडली. सिस्टिन चॅपेलच्या छतावरच्या मायकेलअँजेलोच्या आकृती बघून त्याला वाटलं की ही माणसं झोपेत चालल्यासारखी आहेत. हातपाय काहीतरी करताहेत, पण मन तिथे नाही, ते दुसऱ्याच कुठल्यातरी विचारात बुडालंय. पुढे त्याने आपल्या चित्रकलेचं हे एक तत्त्वच केलं. फ्रेंचमध्ये त्याला तो ‘बेल इनर्सी’ म्हणायचा, सुंदर निश्चलता. चित्रातल्या माणसाने धावपळ करून भावना दाखवायची नाही. आत खोलवर काहीतरी चाललंय एवढं कळलं की पुरे.

आता पुन्हा त्या स्त्रीकडे बघा. मृत्यू झोपेत का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. 1856 मध्ये मोरोकडे ही कल्पना नव्हती, ती त्याला इटलीने दिली.

उरलेलं अर्धं उत्तर घरातलं आहे. मरण त्याला नवं नव्हतं. तो 14 वर्षांचा असताना, 1840 मध्ये, त्याची एकुलती एक बहीण कामीय 13 व्या वर्षी गेली होती. मग शासेरियो. मग फेब्रुवारी 1862 मध्ये वडील लुई, जे वास्तुविशारद होते आणि ज्यांनी मुलाच्या चित्रकलेला कधी आडकाठी केली नाही. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या रात्री, 24 डिसेंबर 1862 ला, मोरोने एका कागदावर काही ओळी लिहिल्या. त्याचा आशय असा की, आज रात्री मी माझ्या मरणाचा विचार करतोय, आणि माझ्या या बिचाऱ्या छोट्या-छोट्या कामांचं पुढे काय होईल याचा. ती विखुरली तर संपली. एकत्र राहिली तर मी कोण होतो, कुठल्या स्वप्नांत रमायचो, हे थोडं तरी कळेल.

त्या रात्री त्याचं वय 36 होतं. एक साधा हिशेब करून बघा. मोरोचा जन्म 6 एप्रिल 1826 चा. शासेरियो 37 वर्षं 18 दिवस जगला. म्हणजे 24 एप्रिल 1863 ला मोरो बरोबर मित्राच्या वयाचा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापेक्षा मोठा. आपल्याकडेही ज्यांनी थोरला भाऊ अकाली गमावलाय, त्यांना तो दिवस कसा असतो ते सांगावं लागत नाही. ज्याच्याकडे मान वर करून बघायचो, तो एका सकाळी आपल्यापेक्षा लहान होतो. आणि मग दरवर्षी आणखी लहान होत जातो.

चित्र सुरू झालं तेव्हा मोरो मित्रापेक्षा लहान होता, पूर्ण झालं तेव्हा मोठा होता. मोरोने हा दिवस पाळला का, त्या दिवशी तो काय करत होता, हे मी सांगत नाही. पण चित्रातला तरुण 37 वर्षांचा मुळीच वाटत नाही. विशीतला वाटतो. चेहरा का बदलला याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. गेलेला माणूस नऊ वर्षं मनात ठेवला की त्याच्या नाकाडोळ्यांची रेष पुसट होते आणि त्याचं तरुणपण तेवढं लख्ख राहतं. मोरोने जे उरलं ते रंगवलं.

मुकुट कोण घालतंय

एकदा हे करून बघा. उभे राहा, एक हात डोक्याच्या वर न्या, आणि टोपी किंवा कसलंही कडं डोक्यावर ठेवताय असं करा. काय होतं? छाती पुढे येते. नजर आपोआप समोर जाते. उचललेला दंड कानाजवळ येतो आणि त्या बाजूने मागचं काही दिसेनासं होतं. मुकुट ठेवणाऱ्याला पाठीमागे कोण आहे ते बघणं शरीरानेच अवघड करून ठेवलेलं असतं. मोरोने मृत्यू मागे ठेवलाय तो या हालचालीचा पक्का विचार करून.

लॉरेलचा मुकुट हा कवीचा, कलावंताचा, विजेत्याचा मान. तो इतरांनी द्यायचा असतो. आपल्याकडे सत्काराचा फेटा कुणी स्वतः बांधून व्यासपीठावर येत नाही, तसंच. मग हा तरुण स्वतःच का घालतोय? एक उत्तर सरळ आहे. शासेरियोला हयातीत पूर्ण मान मिळाला नाही. रेषावाल्यांना तो फितूर वाटला, रंगवाल्यांना परका. कुणी घातला नाही, म्हणून तो आपल्या हाताने घालतोय. या वाचनात राग आहे, मित्राच्या वतीने धरलेला.

दुसरं उत्तर माझं स्वतःचं आहे आणि मी ते ताणून धरणार नाही. स्वतःच्या हाताने मुकुट घालणारा माणूस फ्रान्सला चांगला ठाऊक होता. 1804 मध्ये नॉत्र-दामच्या चर्चमध्ये पोप हजर असताना नेपोलियनने मुकुट स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला होता. आणि शासेरियो तर लहानपणीच ‘चित्रकलेचा नेपोलियन’ म्हणून गाजलेला. ही आख्यायिका मोरोच्या मनात असेल तर मुकुटाच्या या हालचालीत मित्राचं नावच लिहिलेलं आहे.

फुलांबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. ग्रीक पुराणकथांत लॉरेलचं झाड म्हणजे दाफ्ने. अपोलो मागे लागला, ती पळाली, आणि सुटण्यासाठी झाड झाली. नार्सिसस म्हणजे स्वतःच्या प्रतिबिंबावर जीव जडवून झुरून गेलेला तरुण, ज्याच्या जागी फूल उगवलं. तरुणाच्या एका हातात एका मुलीचं शरीर आहे, दुसऱ्या हातात एका मुलाचं. दोघांनीही देह सोडून पान-फूल होऊन जगणं पत्करलं. आणि अपोलो-दाफ्ने हा विषय शासेरियोने स्वतः रंगवला होता, 1845 च्या सुमारास. दाफ्नेचे पाय झाडाच्या बुंध्यात जाताहेत आणि अपोलो गुडघ्यावर बसून तिला कवटाळतोय. ते चित्र मोरोला जवळून माहीत होतं. मित्राच्या डोक्यावर ठेवायची पानं त्याने मित्राच्याच बागेतून खुडली.

मृत्यू बाई का, आणि झोपलेली का

मराठीत हे चित्र समजावून सांगताना पहिली अडचण व्याकरणाची येते. आपला मृत्यू पुल्लिंगी. मरण नपुंसकलिंगी. यमधर्म तर मिशा असलेला, रेड्यावर बसून येणारा. स्त्रीलिंगी एकच शब्द आपल्याकडे आहे, मौत. गावाकडे अजूनही ‘मौतीला गेलो होतो’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र मृत्यूला एकच सरधोपट शब्द, ‘ला मॉर’, आणि तो स्त्रीलिंगी. फ्रेंच माणसाच्या तोंडी मृत्यू जन्मभर ‘ती’ असते.

पण व्याकरणाने सगळं उलगडत नाही. त्याच फ्रान्समध्ये मध्ययुगापासून मृत्यू म्हणजे हाडांचा सापळा आणि खांद्यावर कोयता. चर्चच्या भिंतींवर तो राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना हाताला धरून नाचवत नेतो. मोरोने सापळाही टाकला आणि कोयताही. कोयता हे पीक कापायचं हत्यार, त्यात माणसं गवतासारखी सरसकट कापली जातात. तलवार एकेकट्यासाठी असते. ज्याच्यावर ती पडते त्याला निदान योद्ध्याचं मरण येतं. मित्रासाठी चित्र करणाऱ्याने कोयता टाकून तलवार घ्यावी, यात मला फार माया दिसते.

ग्रीकांचा मृत्यू पुरुष होता. थॅनॅटॉस, रात्रीचा मुलगा, आणि झोपेचा जुळा भाऊ. 1769 मध्ये जर्मन लेखक लेसिंगने मांडलं की प्राचीन लोक मृत्यूचं चित्र सापळ्याचं काढत नसत. पंख असलेला तरुण, हातातली मशाल उलटी धरलेली, असं काढत. मोरोच्या चित्रात खाली बसलेलं ते पंखवालं मूल याच घराण्यातलं. म्हणजे या एका चित्रात मृत्यू दोनदा आलाय, एकदा प्राचीन शिल्पांतून उचललेला आणि एकदा मोरोचा स्वतःचा.

आणि मला वाटतं इथेच चित्राची एक उणीव आहे. ते मूल तिथे नसतं तरी चाललं असतं. वेळ संपत चाललीय हे सांगायला वाळूचं घड्याळ आधीच आहे. मोरोला एक खोड होती. समृद्धी ही चित्राची गरज आहे, असं तो मानायचा, आणि चित्रात एकावर एक वस्तू रचत जायचा. पुढच्या आयुष्यात ही खोड वाढली. इथे ती अजून आटोक्यात आहे, पण त्या कोपऱ्यात ती दिसते. तरुणाच्या शरीरालाही थोडा मेणाचा गुळगुळीतपणा आहे. पाऊल टाकतोय, पण पावलाखाली वजन जाणवत नाही. ज्यांना हे चित्र थंड वाटतं, त्यांना मी खोटं पाडणार नाही.

पण ती झोप! त्या झोपेपुढे मी या सगळ्या उणिवा माफ करते. 1856 चा शोक मृत्यूला शत्रू मानणारा असणार. तो तरुणावर झडप घालणारा मृत्यू मागणार, ओढणारा हात मागणार. तसं एखादं चित्र सालाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, जास्त गाजलंही असतं. इथे मात्र ती कुणावर धावून येत नाही. तिला त्याचा राग नाही, त्याच्यावर लोभही नाही. तिला तो दिसतही नाही. जवळचं घड्याळ तिचं काम करतंय. वाळू खाली पडायला कुणी जागं राहावं लागत नाही. वाळू संपली की ती जागी होणार, की झोपेतच तलवार निसटणार? चित्र ते सांगत नाही. आणि तरुण तिच्या इतका जवळ आहे की तिचा श्वास त्याच्या पाठीला लागत असावा, तरी त्याच्या चेहऱ्यावर कसलीही भीती नाही.

तिची झोप आणि त्याचं भान नसणं, या दोन गोष्टी मोरोने अगदी सारख्या तोलल्या आहेत. दोघंही एकमेकांपासून बेखबर, आणि तरीही एकाच अरुंद चौकटीत, एकाच दिशेने येणारे. मला माहीत असलेल्या त्या काळच्या कुठल्याही मृत्युचित्रात हे नाही. सगळ्यात जवळ जाणारं आहे ते प्युव्ही द शाव्हानचं 1872 चं ‘मृत्यू आणि कुमारिका’. तिथे मुली रानात फुलं वेचताहेत, फेर धरताहेत, आणि गवतात काळ्या वस्त्रातला मृत्यू कोयता घेऊन पहुडलाय. प्युव्हीसुद्धा शासेरियोच्या भिंतींवर पोसलेला चित्रकार. शासेरियोला मानणाऱ्या दोघांनी, सात वर्षांच्या अंतराने, मृत्यू आडवा किंवा निजलेला काढावा, हे मला नुसता योगायोग म्हणून सोडवत नाही.

1865 चा सालाँ

आदल्या वर्षी, 1864 मध्ये, मोरोचं ‘इडिपस आणि स्फिंक्स’ गाजलं होतं. पदक मिळालं आणि नेपोलियन घराण्यातल्या एका राजपुत्राने ते 8000 फ्रँकला विकत घेतलं. 38 व्या वर्षी मोरो एकदम प्रसिद्ध झाला. 1865 मध्ये लोक त्याच्याकडून तसंच काहीतरी मागत होते. त्याने दोन चित्रं पाठवली, ‘जेसन’ आणि हे.

दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. दोन्ही उभी आणि अरुंद. दोन्हींत पुढे विजयी तरुण, अंगाने उघडा, एक हात वर. दोन्हींत मागे एक स्त्री. जेसन हा ग्रीक पुराणातला वीर. त्याच्या मागे त्याची जादूगार प्रेयसी मेडिया आहे, तिचा हात त्याच्या खांद्यावर आणि नजर जागी. तिच्यामुळेच तो जिंकला आणि पुढे तिच्यामुळेच त्याचं सगळं घर उद्ध्वस्त होणार आहे. मोरोने एकच रचना दोनदा वापरली. एकदा मागची स्त्री टक्क जागी, एकदा गाढ झोपलेली. जेसनचं चित्र बघून मला धोका कळतो, दुसरं बघून गलबलून येतं.

समीक्षकांनी आदल्या वर्षाइतकी दाद दिली नाही. त्या सालाँमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, चित्रकार एद्वार माने, आणि त्याचं ‘ऑलिंपिया’ हे चित्र. तिथेही उघडं शरीर, तिथेही फुलं, पण ती बाई बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघते. त्या गदारोळात ग्रीक घडणीचा एक हळुवार तरुण कोण बघत बसणार? पुढे 1869 मध्ये टीका आणखी कडवट झाली आणि मोरो सालाँपासून दूर राहिला, तो थेट 1876 पर्यंत.

नंतर

मे 1871 मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहर ताब्यात घेतलेल्या बंडखोरांच्या राजवटीच्या, शेवटच्या आठवड्यात ओर्से राजवाडा जाळला गेला. शासेरियोचा जिना त्यात होता. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर गेलं, आणि चित्रं पुढची वीस-पंचवीस वर्षं ऊनपावसात उघडी पडली. भिंतींतून झाडं उगवली. शेवटी जे काही तुकडे सोडवता आले ते लूव्रमध्ये गेले. मोरोने 1862 च्या त्या रात्री स्वतःच्या कामांबद्दल जी भीती लिहिली होती, ती मित्राच्या कामाच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांदेखत खरी झाली. ‘तेओदोर शासेरियोच्या स्मृतीस’ ही ओळ त्याने लिहिली तेव्हा जिना शाबूत होता. त्या ओळीवर केवढा भार येणार आहे, याची त्यालाही कल्पना नसणार.

राजवाड्याचे अवशेष पाडून त्या जागी 1900 मध्ये रेल्वे स्टेशन उभं राहिलं आणि 1986 मध्ये स्टेशनचं संग्रहालय झालं. तेच ओर्से संग्रहालय. मोरोचं ‘जेसन’ आज तिथे आहे. शासेरियोचं 1853 चं ‘तेपिदारियम’, रोमन स्नानगृहातल्या बायकांचं मोठं चित्र, तेही तिथेच. जिथे एकाचा जिना जळाला त्याच जमिनीवर दोघे मित्र एका छताखाली आले. त्यांना जोडणारं चित्र मात्र समुद्रापार गेलं. न्यूयॉर्कचे संग्राहक ग्रेनव्हिल विन्थ्रॉप यांनी आपला सुमारे 4000 कलाकृतींचा संग्रह 1943 मध्ये हार्वर्डला दिला, त्यात ते होतं.

मोरोने स्वतःची कामं विखुरू दिली नाहीत. आईवडिलांबरोबर तो 1852 पासून ज्या घरात राहिला, ते 14 र्‍यू द ला रोशफुको, त्याचंच त्याने 1895 मध्ये संग्रहालयासाठी बांधकाम करून घेतलं. 1898 मध्ये तो गेला, घर सरकारला दिलं, आणि 1903 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. पहिला अभिरक्षक त्याचाच विद्यार्थी, जॉर्ज रुओ. भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या, आणि हजारो रेखाटनांसाठी लाकडी कपाटं. त्या कपाटांत फळ्या बिजागरीवर बसवल्या आहेत, बघणाऱ्याने आपल्या हाताने एकेक उलटत जायचं. मुकुट उचललेल्या तरुणाची कच्ची रेखाटनं याच घरात आहेत.